पुण्याला आजीकडे पाठवण्याआधी

ताई,

न्यू जर्सीहून आलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाच्या खोलीत सिरिंज, काळा पडलेला चमचा आणि तुमच्याच पाठदुखीच्या गोळ्यांची रिकामी बाटली. तुम्ही विचारता, कुणाला कळायच्या आत त्याला सहा महिने पुण्याला आजीकडे पाठवू का?

इतक्यात नको. ऑक्सिकोडोनसारख्या अफूच्या जातीच्या गोळ्या शरीराच्या सवयीच्या होतात, डोस वाढत जातो. काही आठवडे खंड पडला की ती सवय उतरते, ओढ मात्र तशीच राहते. परत येऊन त्याने जुनाच डोस टोचला, तर श्वास बंद पडू शकतो. शिवाय बाहेर मिळणारी गोळी पुष्कळदा नकली असते आणि तिच्यात फेंटानिल असतं, हेरॉइनच्या सुमारे 50 पट जहाल.

आजच फार्मसीतून नॅलोक्सोनचा, म्हणजे अशा गोळ्यांचा असर तात्पुरता उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे आणा. अमेरिकेत 2023 पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. मुलगा हलवूनही उठत नाही, श्वास अडखळतोय, ओठ निळे पडलेत, असं दिसलं तर एका नाकपुडीत स्प्रे मारा आणि लगेच 911 ला फोन करा. डोळे उघडले तरी हॉस्पिटलात न्या, कारण स्प्रेचा असर गोळीच्या आधी ओसरू शकतो.

मग उपचार. बुप्रेनॉर्फिन हे ओढ कमी करणारं, पण अफूच्याच जातीचं औषध आता फॅमिली डॉक्टरही लिहून देऊ शकतात. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असं कुणी म्हणेल, त्याकडे लक्ष देऊ नका. या औषधाने जीव वाचतात. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुम्हाला फारसं सांगणार नाहीत. तुम्ही मात्र त्यांना सगळं सांगू शकता.

सुई कुणाबरोबर वापरली का, हे न ओरडता विचारा. 2015 मध्ये इंडियानातल्या ऑस्टिन या छोट्या गावात ओपाना नावाची वेदनाशामक गोळी विरघळवून टोचणाऱ्यांत सुया फिरल्या आणि दोनशेच्या आसपास लोकांना एचआयव्ही झाला. तेव्हा एचआयव्ही आणि हेपटायटिस सी (सुईतूनच पसरणारा यकृताचा आजार), दोन्ही तपासण्या करून घ्या. हेपटायटिस सी आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

गणपतीत मंडळात काय सांगायचं, हा प्रश्न सोडून द्या. पण त्याच्या बाबांना अजून सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. आज रात्री सांगा. स्प्रे कुठल्या खणात ठेवलाय, हे त्यांनाही माहीत हवं.