वाचकांचे प्रश्न : प्रकाशापेक्षा वेगवान यानाच्या खिडकीतून काय दिसावे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि शेती सांभाळून रात्री लॅपटॉपवर अंतराळयान चालवण्याचा एक गेम तयार करीत आहे. यानाने प्रकाशाचा वेग ओलांडला की सगळे तारे पांढऱ्या रेषांसारखे मागे ओढले जातात, असे मी दाखवले आहे. परंतु रात्रीच्या विजेवर हरभऱ्याचे ओलित करताना आकाशाकडे लक्ष जाते, तेव्हा इतक्या दूरचे तारे असे पळतील का, ही शंका येते. खरे काय दाखवावे? शिवाय यान सूर्यापासून दूर गेले की पडद्यावर थरथरू लागते, ते का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. एसटीने जाताना रस्त्याकडेच्या बाभळी झपाझप मागे जातात आणि लांबचा डोंगर मात्र बराच वेळ सोबत राहतो, तोच न्याय येथे लागू पडतो. समजा, आपले यान प्रकाशाच्या हजारपट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० कोटी किलोमीटर या गतीने चालले आहे. नेपच्यूनची कक्षा ते १५ सेकंदांत गाठील, त्यामुळे ग्रह खिडकीसमोरून क्षणात निघून जातील, पण ४.४ प्रकाशवर्षे दूर असलेला तारा बाजूला असेल, तर त्याला चंद्रबिंबाच्या रुंदीइतके सरकण्यास सुमारे २० मिनिटे लागतील. तोच तारा सेकंदाला एक अंश सरकावा असे वाटत असेल, तर वेग प्रकाशाच्या २४ लाखपट हवा. ताऱ्यांच्या रेषा काढून टाकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. वेगाची जाणीव जवळच्या वस्तूंनी, म्हणजे ग्रह, उपग्रह आणि लघुग्रह यांनी करून द्यावी.

प्रकाशाच्या वेगाच्या अलीकडे काय दिसेल, हे मात्र भौतिकशास्त्र नेमकेपणाने सांगते, आणि माझ्या मते गेममधील सर्वांत देखणा भाग तोच होऊ शकतो. वारा नसताना सरळ पडणारा पाऊसही मोटारसायकलवर बसले की समोरून तोंडावर येतो. त्याचप्रमाणे धावत्या यानावर ताऱ्यांचा प्रकाश पुढून आल्यासारखा भासतो. प्रकाशाच्या ९० टक्के वेगाला आकाशाचा पुढचा अर्धा भाग समोरच्या दिशेपासून २६ अंशांच्या आत गोळा होतो आणि ९९ टक्के वेगाला तो ८ अंशांच्या आत येतो. त्यासोबत रंगही बदलतात. पुढील तारे निळसर होऊन शेवटी अतिनील प्रकाशात जातात आणि म्हणून दिसेनासे होतात, असे पुष्कळदा समजले जाते, ते बरोबर नाही. ताऱ्याचा एरवी न दिसणारा अवरक्त प्रकाश तेव्हा दृश्य पट्ट्यात येतो. ज्या पटीने प्रकाशाची वारंवारता वाढते, त्याच पटीने ताऱ्याचे तापमान वाढले आहे असे धरून रंग निवडावा, एवढा साधा नियम कोडमध्ये पुरतो. ९९ टक्के वेगाला नेमका समोर असलेला, सूर्यासारखा ५,८०० अंश केल्व्हिनचा तारा सुमारे ८२,००० अंशांच्या ताऱ्यासारखा, निळसर पांढरा आणि कितीतरी अधिक तेजस्वी दिसेल. नेमका मागे असलेला तसाच तारा जेमतेम ४०० अंशांचा भासेल, म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाही.

प्रकाशाचा वेग ओलांडताच हे बदल मोजणाऱ्या सूत्रांतील वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि शास्त्राचे उत्तर थांबते. पुढे जे दिसेल तो आपल्या गेमचा नियम असेल, आणि तो तसा नियम म्हणून खेळणाऱ्याला सुरुवातीलाच सांगावा. जुन्या, आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताआधीच्या, वेगांच्या बेरीज-वजाबाकीने चित्र काढता येते : पाठीमागून वाऱ्यासोबत येणाऱ्या पावसापेक्षा गाडी वेगात असली की तोही छातीवर आदळतो, तसे दुप्पट वेगाला मागचे-पुढचे सर्व तारे समोरच्या ३० अंशांच्या शंकूत येतात आणि मागे पूर्ण काळोख उरतो. पण हजारपट वेगाला हा शंकू इतका निमुळता होतो की साऱ्या आकाशाचा एकच ठिपका होईल आणि यान चालवणाऱ्याला दिशा कळणार नाही. म्हणून वेगाची सीमा गाठेपर्यंत आकाश पुढे गोळा होत जाणे दाखवावे आणि सीमेपलीकडे तारे पुन्हा आपापल्या जागी, स्थिर व स्वच्छ, ठेवावेत. मग तारकासमूहांचे आकार सावकाश मोडताना दिसतील. मे-जूनच्या रात्री आपल्याकडे दक्षिण क्षितिजालगत दिसणाऱ्या नरतुरंगातील ‘मित्र’ या, ४.४ प्रकाशवर्षांवरील ताऱ्यापाशी यान पोहोचले, की शर्मिष्ठेत एक जास्तीचा ठळक तारा असेल. तो आपला सूर्य. व्याध मृगातील काक्षी या तांबूस ताऱ्याच्या अगदी शेजारी गेलेला असेल. ओलिताच्या रात्री ज्याने हे आकाश पाठ केले आहे, त्याला हा बदल रेषांपेक्षा अधिक हलवून टाकील.

थरथरण्याचे कारण संख्यांच्या साठवणीत आहे. साध्या ३२ बिटांच्या दशांश संख्येत सुमारे सातच अंक विश्वासाचे असतात. सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर मीटरमध्ये मोजल्यास दोन लगतच्या स्थानांत सुमारे १६ किलोमीटरचे अंतर पडते आणि यान या स्थानावरून त्या स्थानावर उड्या मारते. यान सदैव शून्यावर ठेवून भोवतालचे विश्व सरकवावे. ६४ बिटांची संख्याही मित्र ताऱ्याच्या अंतरावर ८ मीटरच्या टप्प्यांनीच मोजू शकते, म्हणून कोणत्या ताऱ्याचे कुटुंब आणि त्यात नेमके कोठे, अशा दोन पातळ्यांवर नोंद ठेवावी. सेकंदाला ६० चित्रे असतील तर हजारपट वेगाला दोन चित्रांच्या मध्ये यान ५० लाख किलोमीटर पुढे जाते, आणि सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. तेव्हा टक्कर तपासताना केवळ बिंदू न पाहता दोन स्थानांमधील संपूर्ण रेषा तपासावी, नाहीतर यान सूर्यातून आरपार जाईल.

प्रश्न : जे शक्यच नाही, ते असा गेम मुलांना खरे म्हणून शिकवणार नाही का?
— एक शिक्षिका, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : अवकाशातून जाताना कोणत्याही वस्तूला प्रकाशाचा वेग ओलांडता येत नाही, हे मुलांना सांगावेच. मात्र १९९४ मध्ये मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी सापेक्षतेच्याच समीकरणांतून असे मांडले की, यानापुढील अवकाश आकुंचन पावले आणि मागील प्रसरण पावले, तर मधल्या बुडबुड्यातील यान आपल्या जागी स्थिर राहूनही इतक्या वेगाने वाहून नेले जाऊ शकते. त्यासाठी ऋण, म्हणजे शून्याहून कमी, ऊर्जा लागते, आणि तशी ऊर्जा पुरेशा प्रमाणात मिळवण्याचा कोणताही मार्ग ज्ञात नाही. या बुडबुड्यातही थेट मागून येणारा प्रकाश यानाला गाठू शकत नाही, म्हणून दारव्ह्याच्या वाचकांनी सीमेपलीकडेही मागची खिडकी तेवढी काळी ठेवावी.