प्रशिक्षणाची सुरुवात टेबलावरच्या कागदापासून कर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी तू हवामानबदलाचे सत्र मन लावून घेतलेस, सर्वांनी ते शांतपणे ऐकले आणि शेवटी एका कनिष्ठ अभियंत्याने ‘हे सगळे पटले, पण उद्या मी काय वेगळे करू?’ असे विचारले, तेव्हा तुला उत्तर सुचले नाही. आता आलेख आणखी सोपे करावेत की चित्रफिती दाखवाव्यात, असे तू मला विचारतोस. दोन्ही नको. त्या अभियंत्याचा प्रश्न हाच तुझा अभ्यासक्रम आहे. कर्मचाऱ्याच्या टेबलावर रोज जो कागद येतो, तिथून सुरुवात कर.

त्या अभियंत्यापुढे पावसाळी गटाराचे अंदाजपत्रक येते. नळाचा व्यास ठरवताना तो पावसाच्या तीव्रतेचा एक आकडा धरतो. हा आकडा जुन्या नोंदींवरून काढलेला असतो, म्हणजे पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल हे त्यात न बोलता गृहीत धरलेले असते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंशाने अधिक होते. ही दोन वाक्ये त्याच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेव आणि विचार, की जो नळ कित्येक दशके जमिनीखाली राहणार आहे, तो कोणत्या पावसासाठी टाकायचा? नोंदी कोणत्या वर्षापर्यंतच्या आहेत, हे तो स्वतःच शोधू लागेल. हवामानशास्त्र गाळ असे मी म्हणत नाही; ते कागदाच्या मागून येऊ दे.

२ जुलै २०११ रोजी कोपनहेगनच्या काही भागांत दोनेक तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. २०१२ मध्ये त्या शहराने ढगफुटीला तोंड देण्याचा आराखडा केला आणि उद्याने व रस्ते यांनाही पाणी साठवण्याच्या व वाहून नेण्याच्या व्यवस्थेत सामील करून घेतले. हे उदाहरण कौतुकापुरते सांगू नकोस. बागेची जमीन रस्त्याहून उंच ठेवायची की सखल, हे ज्या नकाशावर ठरते, तो नकाशा उद्यान विभागाच्या माणसापुढे पसर. पुन्हा तेच सांगतो, कागद पुढे ठेव.

मी संकटाला कारकुनी पातळीवर आणतो, असा आक्षेप माझ्यावर अनेकदा घेतला गेला आणि तो मला आजही मान्य नाही. मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला. इशारा आल्यावर समन्वय कोणी करायचा, कोणत्या विभागाने कोणाला कळवायचे, रुग्णालयांनी कोणती तयारी ठेवायची, हे त्यात आधीच लिहून ठेवलेले असते. याला कोणी कारकुनी म्हणत असेल तर खुशाल म्हणो. उन्हात काम करणाऱ्या मजुरापर्यंत इशारा अशाच कागदातून पोहोचतो.

मला एक गोष्ट मात्र अजून सलते. ज्यांना विषय खरोखर समजला होता अशी गुणी माणसे माझ्या डोळ्यांदेखत बदली होऊन गेली, आणि त्यांच्या खुर्चीवर आलेल्या नव्या माणसाला जुनाच नमुना, जुनेच रकाने आणि जुनीच निविदा मिळाली. जे शिकवले ते माणसाबरोबर निघून गेले. म्हणून मी हट्टाने सांगत आलो की सत्र संपताना किमान एका नमुन्यात एक रकाना वाढलेला असावा, आणि तो वाढवण्याचा अधिकार ज्याला आहे तो अधिकारी त्या खोलीत बसलेला असावा. तो ‘उद्घाटनापुरता येतो’ म्हणत असेल, तर तारीख पुढे ढकल. पर्यावरणाच्या शपथा आणि भित्तिचित्रांच्या स्पर्धा यांत सकाळ घालवू नकोस. एवढ्या मोठ्या माणसांचा वेळ असा वाया जाताना पाहून मला संताप येतो.

तू कष्टाळू आहेस, म्हणूनच इतक्या कठोरपणे लिहितो आहे. पुढच्या सत्राआधी प्रत्येक विभागाकडून सर्वाधिक वापरातला एकेक नमुना मागवून घे. घनकचरा विभागाकडून कचऱ्याच्या वजनाची नोंदवही मिळाली तर उत्तम, कारण ओला कचरा क्षेपणभूमीवर कुजताना मिथेन सुटतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट हवा तापवतो. त्या वहीत ओल्या कचऱ्याचा वेगळा रकाना आहे का, ते पाहा. लेखा विभागाला विसरू नकोस. मोठ्या व्यासाच्या नळाचा वाढीव खर्च तिथेच अडतो, तेव्हा लेखापालाला अभियंत्याच्या शेजारी बसव आणि दोघांपुढे एकच अंदाजपत्रक ठेव.

नमुने हाती आले की मला पाठव. आपण मिळून वाचू.

तुझा,
एक जुना प्रशिक्षक