ग्रेहाउंड बसत का नाही?

प्रश्न : आमचा ग्रेहाउंड ११ महिन्यांचा आहे. त्याला अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे अ‍ॅजिलिटीत, उतरवायचे आहे. परंतु ‘बस’ म्हटले तरी तो नुसता उभा राहतो आणि मांजर दिसताच सुसाट सुटतो. काय करावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपला कुत्रा हट्टी नाही. मागील पायांच्या भरदार स्नायूंमुळे या जातीच्या अनेक कुत्र्यांना बसणे अवघड जाते, म्हणून आरंभरेषेवर त्याला ‘थांब’ शिकवून उभेच ठेवावे. ग्रेहाउंड हा वासापेक्षा नजरेने शिकार हेरणारा (या बाबतीत आपल्या कारवानी कुत्र्याचा सोयराच) आणि ताशी सुमारे ७० किलोमीटर वेग गाठणारा प्राणी असल्यामुळे, एकदा सुटल्यावर हाक ऐकेल या भरवशावर त्याला कुंपण नसलेल्या मैदानात मोकळे सोडू नये. आधी घरातच शिट्टी वाजवून, आल्याबरोबर पनीरचा तुकडा देत, परत येण्याची सवय पक्की करावी. उंच उड्या हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण दीड वर्षापर्यंत, टाळाव्यात. तोवर बोगदा आणि जमिनीवर ठेवलेले दांडे पुरेत. एका वेळी ५ मिनिटांचा सराव पुष्कळ झाला. माळव्याच्या रात्री कितीही सुखद असल्या, तरी मे महिन्यात सकाळी ८ नंतर मैदानाचे नाव काढू नये. खाऊन लगेच धावणे मात्र कोणत्याही ऋतूत नको.