वाचक विचारतात: नवी सून आणि मलिदा

प्रश्न: ताई, आम्ही अलिबागचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मुलानं हिंदू मुलीशी लग्न केलं. सणाला ती सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनास्थळात, यायचं म्हणते, पण बायका कुजबुजतात. काय करावं?

उत्तर: आधी तिला एकटीला पाठवू नका. तुमच्या १८४८ सालच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा शिरताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला (आत धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी असलेल्या डबीला) हात का लावतात, हे कुणी तरी तिला आधीच सांगायला हवं. शेजारी बसा, प्रार्थनेचं पान काढून द्या. 'ही जागा अमक्या काकूंची' असं तिला ऐकवणाऱ्या काकूंना तुम्हीच सरकवा. हे काम सुनेचं नाही, सासूचं!

धर्मांतराचा विषय पहिल्याच दिवशी नको. तो तिचा आणि रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, प्रश्न. मिनियनला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गणसंख्येला, दहा पुरुष लागतात, म्हणून आपली माणसं कमी पडतात हे खरं. पण आपल्या परंपरेत त्यात मी तरी कुठे मोजली जाते?

खरी ओळख मलिद्याला होईल, म्हणजे एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावानं गोड पोहे आणि फळं मांडून करतात त्या प्रार्थनेला. मलिद्याचे पोहे तिला भिजवू द्या. पाणी जास्त झालं की गोळा होतो, म्हणून नुसते धुऊन निथळायचे, मग साखर, ओलं खोबरं, वेलची. फळं मांडताना सांगा की खजुरावर झाडाच्या फळाची बराखा (आशीर्वचन) म्हणतात, केळ्यावर मात्र जमिनीतल्या पिकाची. असल्या गोष्टी विचारणारी सून मला तरी आवडते. आणि कुजबुजणाऱ्या बायकांपैकी एकीला त्या दिवशी खोबरं खवायला बोलवा. विळीवर बसलं की तोंडं सैल होतात.