फिनिक्सहून वीकेंडला गाडीने जाऊन येण्यासारखं काय आहे? जुलैत आई-बाबा येणार आहेत, तेव्हा नुसतं घरात एसी लावून बसायचं का?

घरात कशाला बसायचं? ॲरिझोनातल्या या फिनिक्सच्या उन्हावरून आम्ही इतकं ऐकून घेतलंय की असा प्रश्न दिसला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला टेकत होता, ते जगभर छापून आलं. त्याच दिवसांत इथून अडीच तासांवर लोक रात्री स्वेटर शोधत होते, ते कोणी छापलं नाही.

फिनिक्समध्ये राहणाऱ्याने आधी मैल बघायचे नसतात, उंची बघायची. आपण हजार-अकराशे फुटांवर. पेसन गाव पाच हजारांवर, फ्लॅगस्टाफ शहर सात हजारांवर. जुलैत इथे दुपारी १०६ ते ११० असतं तेव्हा फ्लॅगस्टाफला साधारण ८२. उन्हाळ्यात वर जायचं, हिवाळ्यात खालीच भटकायचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे खरं तर संपलं. पुढचं आमच्या घरातलं भांडण आहे, पण ते वाचलं नाहीत तर तुम्ही ग्रँड कॅनियनचंच बुकिंग करून मोकळे व्हाल.

झालं असं की एका जुलैत माझे आई-बाबा मेहकरहून आले होते आणि त्यांना भेटायला म्हणून न्यू जर्सीहून माझे मोठे दीर आणि जाऊबाईही आल्या. भाऊजींनी विमानातच प्लॅन आखून आणला होता. शुक्रवारी रात्री निघायचं, ग्रँड कॅनियनला सूर्योदय, दुपारी पेज गावाजवळची अँटिलोप कॅनियन नावाची अरुंद घळ, मुक्काम लास वेगास, रविवारी परत. मी नकाशा उघडून बेरीज केली, नऊशे मैलांच्या वर गेली. सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, बाबांचे गुडघे आधीच बोलतात. भाऊजी म्हणाले, अमेरिकेत नऊशे मैल म्हणजे काहीच नाही. हे स्वतः एडिसनहून जर्सी सिटीला जायला ट्रेन धरतात!

अँटिलोप कॅनियनला असं उठून जाताच येत नाही. तो भाग नावाहो या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या ताब्यात आहे, त्यांच्या गाइडशिवाय आत सोडत नाहीत आणि बुकिंग आधी करावं लागतं. त्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे इथला मान्सून. ऑगस्ट १९९७ मध्ये पाऊस पडला लांब कुठेतरी आणि त्या घळीत अचानक लोंढा येऊन ११ पर्यटक गेले. आता ते लोक हवामानावर नजर ठेवून असतात, वेळ पडली तर टूर रद्द करतात. म्हणजे साडेचार तास गाडी हाणून दारातून परत. हे सगळं मी सांगितलं. नवरा मध्ये पडला नाही. तो कधीच पडत नाही.

शेवटी गाडी माझी, चालवणार मी, म्हणून रस्ताही माझा. आम्ही राहतो त्या फिनिक्सशेजारच्या चँडलरहून ८७ नंबरचा हायवे धरला. या रस्त्यावर चढाला पाटी आहे, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. बाबांना ती फार आवडली, त्यांना घाटातली एसटी आठवली. सुरुवातीला दोन्ही बाजूंना सवारो, म्हणजे ते हात वर केलेले उंच निवडुंग. तासाभरात ते विरळ होत एका वळणानंतर दिसेनासेच होतात, मग झुडपं, आणि पेसनच्या पुढे पाँडेरोसा पाइनचं जंगल. फ्लॅगस्टाफपासून पार न्यू मेक्सिकोपर्यंत या झाडांचा पट्टा आहे. जुन्या झाडाच्या सालीच्या भेगेत नाक घातलं की व्हॅनिलासारखा वास येतो. आईने चार-पाच झाडांचा वास घेऊन खात्री करून घेतली.

पेसन आणि पाइन गावाच्या मध्ये टाँटो नॅचरल ब्रिज आहे. झऱ्याच्या पाण्यातल्या चुन्याने बांधलेला दगडी पूल, १८३ फूट उंच, खाली बोगदा. खाली उतरणाऱ्या पायवाटा खड्या आहेत, आई-बाबांना उतरवू नका. वरच्या कठड्यांवरूनही पूल छान दिसतो, गाडीतून उतरून थोडंसं चाललं की झालं. तिथेच सावलीला बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. भाऊजी म्हणाले, झाडंच बघायची होती तर जर्सीत काय कमी आहेत?

पुढे हाच रस्ता मोगोयॉन रिम चढतो. रिम म्हणजे जवळजवळ दोनशे मैल लांबीचा कडा, खालचा ॲरिझोना आणि वरचा ॲरिझोना इथे वेगळा होतो. वर दुपारी ढग आले, गारा पडल्या. बाबांनी हात बाहेर काढून दोन गारा पकडल्या. जाऊबाईंनी शाल मागितली, ती मी आणली होती. मुक्काम विन्स्लोला केला. स्टेशनाला लागून ला पोसादा नावाचं १९३० चं हॉटेल आहे, मागच्या बागेत बसलं की समोरून मैलभर लांबीच्या मालगाड्या जातात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात खामगाव-जालना रेल्वे इंग्रजांच्या काळापासून कागदावरच धावतेय, त्यामुळे बाबा अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाहीत.

रविवारी सकाळी मीटिऑर क्रेटर, म्हणजे उल्का आदळून झालेलं विवर. विन्स्लोहून अर्धा तास. हे सरकारी नाही, खासगी मालकीचं आहे, तिकीट चांगलंच बसतं. बाबा मेहकरला शिक्षक होते, मुलांच्या सहली घेऊन लोणारला कित्येकदा गेलेले. काठावर उभे राहिले, खाली पाहिलं आणि म्हणाले, "लोणारात पाणी तरी आहे, देवळं आहेत. इथं पैसे देऊन कोरडा खड्डा पाह्यचा का?" भाऊजींना एवढंच हवं होतं. पण बाबांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी मला दुभाषी केलं आणि तिथल्या गाइडला अर्धा तास धरून ठेवलं. हे विवर जवळपास १.२ किलोमीटर रुंद, आमचं १.८, असं त्याला ऐकवलं. तो माणूसही रसिक निघाला, त्याला लोणार माहीत होतं, बेसाल्टमधलं, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडातलं, म्हणून मोठ्या आदराने बोलला. मग त्याने बॅरिंजर नावाच्या खाण इंजिनिअरची गोष्ट सांगितली. या बॅरिंजरने १९०३ मध्ये जागा ताब्यात घेतली, खाली उल्केचं लोखंड पुरलेलं असणार म्हणून आयुष्यभर भोकं पाडली आणि १९२९ मध्ये वारला. हाती काही लागलं नाही, कारण उल्केचा बहुतेक भाग आदळतानाच वितळून, वाफ होऊन गेला होता. हे विवर उल्केचंच, हा त्याचा हट्ट मात्र खरा होता. शूमेकर या भूशास्त्रज्ञाने १९६० मध्ये पुरावा दिला. अपोलोचे अंतराळवीरही सरावाला इथे येत. बाबा परतताना गाडीत गप्प बसेनात. ग्रँड कॅनियनला ते असे बोलले असते असं मला वाटत नाही.

भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले आणि वर लिहिलं "खड्डा दर्शन". तेव्हापासून आजतागायत आमच्याकडे कोणी येणार म्हटलं की हा विषय निघतो. त्यांचं म्हणणं, पाहुण्यांना "मोठी" ठिकाणं दाखवावीत. माझं म्हणणं, म्हातारी माणसं गाडीच्या काचेतून मैल मोजायला एवढा प्रवास करून येत नाहीत.

बाकी ठिकाणं पटकन सांगते. सेडोना सुंदर आहे यात वादच नाही, पण वीकेंडला पार्किंगसाठी जी फिरफिर होते त्यात सगळा आनंद जातो. मधल्या वारी जमत असेल तर जा. फ्लॅगस्टाफला लोवेल वेधशाळा जरूर करा, १९३० मध्ये प्लूटो तिथेच सापडला. रात्री दुर्बिणीतून बघायचं असेल तर मुक्काम हवा, आणि जुलैत ढग आडवे येऊ शकतात. बिस्बी दक्षिणेला साडेतीन तास, तांब्याची जुनी खाण आहे, आत बारा महिने ४७ डिग्री फॅरनहाइट. जॅकेट न्या. टूसॉनजवळचा माउंट लेमन एका दिवसात होतो, वर नऊ हजार फूट. सुपरस्टिशन माउंटन, टॉर्टिया फ्लॅट, बॉइस थॉम्प्सन आर्बोरेटम हे सगळं नोव्हेंबर ते मार्चचं, जुलैत नावही काढू नका. वेगासला तुम्ही एकटे जा.

ग्रँड कॅनियनला जाऊच नका असंही नाही. साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण काठ, २३० मैल, सात हजार फुटांवर, जुलैतही हवा बरी असते. एक रात्र तिथे किंवा वाटेवरच्या विल्यम्स गावी काढणार असाल तर जरूर न्या. काठाकाठाने शटल बस आहेत. फक्त दरीत उतरवू नका. तळाशी काठापेक्षा २० डिग्री फॅरनहाइट जास्त असू शकतं, दहा ते चार पायवाटेवर राहू नका असं पार्कवालेच सांगतात.

काही गोष्टी राहिल्या. कोणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर सात हजार फुटांआधी डॉक्टरांना विचारा. पाऊस सुरू व्हायच्या आधी जंगलात वणव्याची भीती असते, कधी कधी जंगलच बंद करतात, त्यामुळे निघण्याआधी तपासा. पावसात रस्त्यावर पाणी असेल आणि अडथळे लावलेले असतील तर वळसा घालून गाडी घालू नका. अडकलात तर सोडवण्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदाच १९९५ पासून इथे आहे. टूसॉनच्या रस्त्यावर धुळीचं वादळ आलं तर रस्ता सोडून बाजूला थांबा, दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. मागचे ब्रेकलाइट बघून गाड्या येऊन धडकतात. रविवारी दुपारनंतर फ्लॅगस्टाफहून खाली येणाऱ्या आय-१७ हायवेवरून फिनिक्सकडे येऊ नका, आम्ही त्या दिवशी दोननंतर निघालो आणि भाऊजींचं विमान जेमतेम मिळालं.

ते विमान थोडक्यात चुकलं असतं हे ते अजून काढतात. भाऊजी, हे वाचत असाल तर, वेगासहून येताना तीनशे मैल होते.