पाण्याखालच्या वायररोपची थरथर आणि घरातला आवाज

भाऊ, मुलाच्या समुद्रावरच्या तरंगत्या घराचं तुम्ही लिहिलंय ते वाचलं. खाली नांगराला वायररोप (लोखंडी तारांचा दोर), पाण्याला ओढ आली की फरशी थरथरते, रात्री घूंऽ आवाज, म्हणून भिंतींना फोम लावू का. फोमवर पैसे नका घालू, दुखणं खाली दोरात आहे.

हे मी तापीवर भोगलंय. यावलकडे आमची केळी, पंप पोकळ ड्रमच्या तराफ्यावर, 16 मिमीच्या वायररोपनं काठाला बांधलेला, वायरीचा मधला भाग पाण्यात. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तराफा ढोलासारखा घुमायचा आणि वायरीवर तळहात ठेवला तर कोपरापर्यंत मुंग्या यायच्या.

गोफण फिरवताना दोर सूंऽ करतो ना, तेच इथं पाण्यात होतं. पाणी गोल दोराला ओलांडताना मागे आलटून पालटून दोन्ही अंगांना भोवरे सोडतं, दोर आडवा हलतो. पाण्याचा वेग गुणिले 0.2 भागिले दोराची जाडी, म्हणजे 25 मिमीचा दोर आणि सेकंदाला 1 मीटर वेग असेल तर सेकंदाला 8 वेळा. दोराच्या स्वतःच्या थरथरीशी हे जुळलं की मग जोर धरतं. आता 8 ची थरथर कानाला ऐकूच येत नाही, साधारण 20 च्या वर ऐकू येतं, म्हणजे तुम्हाला ऐकू येतंय ते शॅकल (दोर जोडायची लोखंडी कडी), पत्रा आणि घराखालचे पोकळ फ्लोट वाजतात ते.

आधी मुलाला बघायला सांगा, भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तेव्हा आवाज बंद होतो का. होत असेल तर भोवरेच. लाटेबरोबर खट् खट् होत असेल तर शॅकल ढिलं आहे, ते वेगळं काम.

मी काय केलं, तर वायरीवर 4 मिमीचा नायलॉन दोर नागमोडी नाही, स्क्रूच्या आट्यांसारखा गुंडाळला, एकाला एक समांतर असे तीन पदर, प्रत्येकाचा एक वेढा साधारण एक वीत. माप लक्षात ठेवा, गुंडाळलेल्या दोराची उंची वायरीच्या जाडीच्या पाव, एक वेढा वायरीच्या जाडीच्या पंधरा पट. भोवरे तुटतात, दोर शांत होतो. पण पाण्याचा रेटा वाढतो, नांगरावर भार येतो, म्हणून सगळा दोर गुंडाळू नका, जिथं ओढ जास्त तेवढाच, आणि नांगर झेपेल का हे बसवणाऱ्याला विचारूनच. समुद्रात शिंपले चिकटून दोर जाड होतो, ते खरवडत राहावं लागेल.

दुसरं, वायर थेट लोखंडी फ्रेमला नको, मधे जाड नायलॉनचा तुकडा घाला, घासतो तिथं होजपाइप चढवा आणि खुंटीखाली रबराचा पॅड. माझ्याकडे निम्मा फरक तर यानंच पडला. दोर ताणून बघू म्हणाल तर थरथर दुप्पट वेगाची करायला ताण चौपट लागतो, काहीतरी तुटेल.

लाइटची केबल मात्र या दोराला अजिबात बांधू नका, तिला वेगळा ढिला फेरा ठेवा. आणि पाण्यात उतरायचं काम पाणबुड्यालाच द्या भाऊ, मुलाला उतरू देऊ नका. दोराची जाडी आणि तिथल्या पाण्याचा वेग कळवा, वेढ्याचं माप मी काढून देतो.