थंडीतलं इंजिन ऑइल: सुरुवातीला एवढं पुरे

डब्यावरच्या आकड्यांना घाबरू नकोस. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा जितका लहान, तितकं तेल कडाक्याच्या थंडीतही वाहतं राहतं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा; तो जितका मोठा, तितकं तेल दाट. त्यामुळे ०डब्ल्यू-४० ला 'पातळ' म्हणून नाक मुरडू नकोस. तापल्यावर ते ५डब्ल्यू-३० पेक्षा दाटच असतं. (मीही कधीकाळी उलटंच समजत होतो.)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- गाडी सुरू होताच रेस करणं. गार तेल मधासारखं, इंजिनच्या वरपर्यंत पोचायला वेळ घेतं.
- नाहीतर दहा मिनिटं उभी गाडी चालू ठेवणं. अर्ध्या मिनिटात निघ, फक्त सावकाश चालव.
- मनानेच ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा डब्यावरचा आकडा) बदलणं. आधी गाडीचं मॅन्युअल उघड.

सिंथेटिक की मिनरल (तेलाचे दोन प्रकार), ते नंतर बोलू.